वाटी, बाटली आणि आयेचा मोतिया

बाटलीवरून आमच्या खात्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी एखाद्या परमिट रूममध्येही होत नसतील. फरक एवढाच की आमच्या बाटलीत रंग असायचा आणि भांडणारी दोन्ही माणसं पूर्ण शुद्धीवर असायची. त्यातली एक मी आणि दुसरे सावंत.

बिल्डरच्या ऑफिसात शिरल्याबरोबर टेबलावर एक चिमुकली इमारत दिसते. खाली बोटाएवढी झाडं, नखाएवढ्या गाड्या, निळाशार तलाव आणि तलावाकाठी कुठेही न बघणारी दोन-चार माणसं. ती आम्ही बनवतो. म्हणजे बनवायचो, मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे आणि त्याच्या रंगखात्याची मी प्रमुख होते. प्रमुख म्हणजे खात्यात आम्ही दोघंच, आणि सावंत मला प्रमुख मानत नसत.

माझं काम नातेवाइकांना कधी समजलं नाही. साताऱ्याच्या आत्याला अजून वाटतं की मी खेळण्यांच्या कारखान्यात होते. तळवलीत आमच्या सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "आमची सून बिल्डिंगी रंगवते." मग त्या बायका रस्त्यात भेटल्या की काळजीने विचारायच्या, "वरून खाली बघताना चक्कर नाय येत तुला?" मी नाही म्हणायचे. ते खरंच होतं, माझी सगळ्यात उंच इमारत माझ्या खांद्याला लागत होती.

एवढ्याशा इमारतीला कुंचल्याने रंग देता येत नाही. कुंचल्याचे फराटे उठतात आणि भिंत नांगरल्यासारखी दिसते. म्हणून आमच्या हातात असतो एअरब्रश. जाड पेनाएवढी बंदूक, आत एक लांब बारीक सुई, मागे रबरी नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला दिवसभर घुरघुरणारा कंप्रेसर. खटका दाबला की हवा येते, मागे ओढला की सुई सरकते आणि हवेबरोबर रंगाचा धुरळा बाहेर पडतो. साबुदाण्याएवढा ठिपकाही काढता येतो आणि आख्खी भिंतही भरता येते. कळ दाबली की झालं, असं बघणाऱ्याला वाटतं. हारमोनियमसुद्धा बघणाऱ्याला तशीच वाटते.

आता भांडणाचं मूळ. या बंदुकीला रंग दोन तऱ्हेने पुरवता येतो. एका जातीत डोक्यावर छोटीशी वाटी असते. वाटीत रंग घाला, तो आपल्याच वजनाने खाली उतरतो. हवा कमी लागते, चार थेंबांतही काम भागतं आणि रंग बदलायचा तर वाटी पुसली की झालं. दुसऱ्या जातीत पोटाखाली बाटली लटकते. तिच्यातला रंग हवेच्या जोराने नळीतून वर ओढला जातो. हवा जास्त लागते, पण बाटलीत रंग भरपूर मावतो. एकदा भरली की चार भिंती न थांबता मारा. कारखान्यात आम्ही त्यांना सरळ वाटी आणि बाटली म्हणायचो. मी वाटीवाली आणि सावंत बाटलीवाले.

सावंत आमच्याकडे येण्याआधी ट्रकच्या बॉड्या रंगवत. त्यामुळे छोटं काम त्यांना अपमानास्पद वाटायचं. माझ्या वाटीकडे बघून म्हणायचे, "बाई, ह्या वाटीत माझ्या नातवाचा औषधसुद्धा मावूचा नाय." मी म्हणायचे, "सावंत, औषध वाटीतूनच देतात. बाटलीतून देतात ते वेगळं." ते दारूला शिवत नसत, त्यामुळे हा वार त्यांना लागायचा. त्यात त्यांची घरी फोन करायची पद्धत अशी, की उशीर होणार असला तर कंप्रेसरच्या आवाजात ओरडून सांगायचे, "आज दोन बाटल्यो संपवूच्यो आसत, मगे येतंय." शेजारच्या गाळ्यातल्या लोकांना बरीच वर्षं त्यांच्या बायकोची दया येत होती.

बाहेरची माणसंही सल्ला मागायला यायची. वाशीचे एक निवृत्त इंजिनियर होते, त्यांना नानासाहेब म्हणू. घराच्या गॅलरीत बसून लढाऊ विमानांची छोटी मॉडेल जोडायचे. त्यांनी विचारलं, वाटी घेऊ की बाटली? मी वाटी सांगितली. त्यांनी सावंतांनाही विचारलं आणि इंजिनियर असल्यामुळे मोठी वस्तू घेतली. तळहाताएवढ्या विमानाला लागतो चमचाभर राखाडी रंग. त्यांनी बाटली गळ्यापर्यंत भरली. पातळ केलेला रंग पुन्हा डब्यात ओतायचा नाही, असं कुठेतरी वाचलेलं, आणि फेकणं त्यांच्या स्वभावात नाही. विमानानंतर त्यांनी कुंड्या रंगवल्या, मग गॅसचा सिलिंडर, मग तुळशीवृंदावन. महिन्याने त्यांच्या मिसेस माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आमच्या घरात हवाई दल उतरलंय. त्यांना वाटी घेऊन द्या." त्या दिवशी मी सावंतांना दोनदा चहा पाजला, निव्वळ आनंदाने.

पण खोटं कशाला बोला, वाटीलाही खोड आहे. ती उघडी असते. मी एकदा बाल्कनीच्या खालच्या बाजूला रंग मारायला बंदूक उलटी केली आणि झाकण लावलेलं नव्हतं. वाटीतला विटकरी रंग थेट खालच्या पोहण्याच्या तलावात पडला. सावंतांनी तलावाकाठचा एक छोटा प्लास्टिकचा माणूस उचलला आणि दूर नेऊन ठेवला, सुरक्षित जागी.

आमची भांडणं अशी चालू असताना मधुदादा आले.

मधुदादा उलव्याच्या बाजूचे. घरची भातशेती सरकारने घेतली, बदल्यात घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला. मधली वर्षं त्यांनी रेती-खडी पुरवली, दुसऱ्यांच्या इमारती उठवल्या आणि आता त्या प्लॉटवर त्यांचा स्वतःचा पहिला टॉवर. पांढरा शर्ट, गळ्यात बोटाएवढी चेन, आवाज मात्र मऊ. आर्किटेक्टने सुचवलेली गोऱ्या माणसांच्या गावांसारखी नावं बाजूला सारून त्यांनी टॉवरला आईचं नाव दिलं होतं, चांगुणा हाइट्स. आईला सगळं गाव आये म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मॅडम, आये साइटवर येत नाय. खड्डा बगून घाबरते. मना तिला टेबलावर दाखवायचाय टावर. गिऱ्हाईक काय, कवापन बगतील. आयेला दिसला पायजे."

माणूस एवढा मोठा झाला तरी आईने बघितल्याशिवाय त्याचं काम पुरं होत नाही, हे मला पटलं. मी म्हटलं, दिसेल.

"आनी एक," ते म्हणाले. "जुनं घर सोरून ती टावरमदे यायची हाय. तिचा एकच सवाल हाय. बोंबील कुटं वालवायचं? तर पयल्या मजल्याला मोठी गच्ची ठेवलीय तिच्यासाटी. तितं वलांडी दाखवा."

वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूची मांडवी. मी आजवर मॉडेलमध्ये योगासनं करणारी माणसं बसवली होती, सायकलवरची मुलं, कुत्रे, एकदा एका बिल्डरच्या हट्टावरून मोर. पण बोंबील प्रथमच. ते काम मी आनंदाने घेतलं. झाडूच्या काड्यांची वलांडी केली, बारीक तार चेपून बोंबील केले आणि वाटीत दोन थेंब चंदेरी, एक थेंब गुलाबी घालून एकेकाला रंग दिला. शेजारी खुर्चीवर तीनेक सेंटीमीटरची आये बसवली, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. सावंत भिंग घेऊन बघायला आले. म्हणाले, "बाई, वास फक्त येवचो ऱ्हवलो."

राहिला टॉवरचा रंग. इथे आमच्या धंद्याची एक सवय सांगायला हवी. आर्किटेक्टकडे रंगांची जाडजूड पुस्तकं असतात, त्यांत प्रत्येक छटेला आकडा. पण बिल्डरच्या घरची बाईमाणसं रंग ठरवायला लागली की आकडा कोण बोलतो? सगळी नावं साड्यांच्या दुकानातली. आमसुली, चिंतामणी, अबोली, पिस्ता, राणी, श्रीखंडी, मोतिया. तेवढ्यावर मी अचूक छटा काढून द्यायचे आणि मला त्याचा अभिमान होता. सावंतांनाही ती भाषा पाठ झाली होती, ट्रकवाला माणूस असून.

मधुदादांचा फोन आला तेव्हा कंप्रेसर चालू होता आणि फोन सावंतांनी घेतला. एक कान बोटाने बंद करून ते ऐकत होते. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघून ओरडले, "दादा म्हणतत, आयेला मोतिया हाय, रंग ठरवताना तेवढं ध्यानात ठेवा."

"मोतिया?" मी विचारलं. "पक्कं विचारा."

त्यांनी विचारलं. पलीकडून उत्तर आलं, हो, मोतियाच, लई वर्षांपासून.

लई वर्षांपासून आवडता रंग असेल तर प्रश्नच मिटला. आता तुम्ही हसत असाल, पण आयुष्यभर रंगात हात घातलेल्या माणसाला मोतिया म्हटलं की मोत्याचा रंगच दिसतो. डोळा आठवत नाही. आम्हा दोघांनाही नाही आठवला.

मोतिया काढणं सोपं नाही. नुसता पांढरा हॉस्पिटलसारखा दिसतो, पिवळा जरा जास्त पडला तर जुनं दूध. मी सकाळभर छटा जुळवली. आख्खा टॉवर एका रंगात, म्हणजे बाटलीचा दिवस. सावंत टोपी घालून आले होते. एकही डाग नाही, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. त्या दिवशी मला मनातल्या मनात मान्य करावं लागलं की एवढी सलग भिंत माझ्या वाटीने निघाली नसती. तोंडाने मी फक्त "बरा झालाय" म्हटलं. आर्किटेक्ट येऊन "क्लासी" म्हणून गेला. तरुण मुलगा, काळा टी-शर्ट, सगळं काही पांढऱ्यात बघणारा. मॉडेल जिथे मांडलं त्या उलव्याच्या विक्री-गॅलरीच्या भिंती पांढऱ्या, टेबल पांढरं, वर पांढरे दिवे. त्यात आमचा मोतिया टॉवर असा विरघळून उभा होता की बघणाऱ्याने श्वास रोखावा.

गॅलरीच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी दादांनी आयेला आणलं. गर्दीत तिला नीट बघता येणार नाही म्हणून. आम्ही दोघं बारीकसारीक दुरुस्तीला छोटा कंप्रेसर घेऊन तिथेच होतो. आये लहानखुरी, ताठ, नाकात मोठी नथ. दादांनी तिला हाताला धरून टेबलाशी आणलं आणि स्वतः जरा बाजूला उभे राहिले. शाळेत निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

आयेने समोर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टेबलाच्या कडेवरून हात फिरवला.

"झ्याक हाय," ती म्हणाली. "टेबल चांगला केलाय. लाकूड कनचा?"

दादा म्हणाले, "आये, टावर. टावर कसा हाय?"

"बांदलास की बगीन," आये म्हणाली. "मना काय घाई नाय."

दादांचा चेहरा पडला. ते आम्हाला बाजूला घेऊन गेले. चिडले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी फोनवर सांगितला व्हता ना, आयेला मोतिया हाय म्हनून."

"तोच मारलाय, दादा," सावंत म्हणाले. "दोन हात मारलेत."

दादांनी आमच्या तोंडाकडे बघितलं. मग स्वतःच्या डोळ्याला बोट लावलं. "मोतिया," ते म्हणाले. "मोतीबिंदू."

माझ्या पायाखालची जमीन हलली असं लिहिलं तर जास्त होईल, पण पांढरी फरशी हलली खरी.

मग दादांनी सगळं सांगितलं. आयेला फिकं काही दिसतच नाही, पांढऱ्यावर पांढरं तर मुळीच नाही. ऑपरेशन करून घ्यायला ती तयार नाही. डोळ्यात सुई घालू देणार नाही म्हणते. दिसत नाही हे कबूलही करत नाही. चहाचा कप चाचपडत शोधते आणि वर म्हणते, मला सगळं दिसतंय, तुम्हीच वस्तू हलवता. "मी म्हटला, डॉक्टरनी न्हाय तर निदान तुमच्या रंगानी तरी दिसल," ते म्हणाले. "माजा पयला टावर हाय, मॅडम. आनी तिनं टेबल बगितला."

मी त्यांना म्हटलं, आयेला एक तास बसवून ठेवा.

आता प्रश्न असा की आयेला कोणता रंग दिसतो. विचारून उपयोग नव्हता, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मी वाटीत चार-चार थेंब घेऊन पांढऱ्या कार्डांवर एकेक रंग मारत होते आणि सावंत ते तिच्यासमोर धरत होते. बदामी? "दिसतो ना." पिस्ता? "ह्योपन दिसतो." आकाशी? "चांगला हाय." सावंतांना संशय आला. त्यांनी एक कोरं कार्ड धरलं.

"ह्यो सगल्यात बेस हाय," आये म्हणाली.

मग मी पद्धत बदलली. रंगवलेली कार्डं पांढऱ्या टेबलावर पसरली आणि म्हटलं, "आये, तुमच्या घराच्या भिंतीला कोणता द्यायचा तो तुम्हीच उचला." तिचा हात टेबलावर इकडेतिकडे फिरत राहिला, कार्डांच्या मधल्या जागेत, कधी कार्डावरून पुढे. मी वाटी पुसत होते, नवीन रंग घालत होते, कार्ड ठेवत होते. आमसुली, शेंदरी, चिंतामणी. चिंतामणीपाशी हात जरा थांबल्यासारखा झाला आणि पुढे गेला. इतके रंग इतक्या झटपट बदलायला वाटीच हवी, हे सावंत बघत होते. बघताहेत हे मीही बघत होते.

मग मी राणी ठेवला. झगझगीत, लग्नातल्या शालूसारखा राणी गुलाबी. आयेचा हात सरळ गेला आणि तिने कार्ड उचललं.

"ह्यो," ती म्हणाली. "हलदीला असलाच लुगरा नेसली व्हती मी."

आर्किटेक्ट तोवर येऊन पोचला होता. त्याला काय चाललंय ते सांगितल्यावर तो खुर्चीवर बसला. "सर, राणी पिंक? आख्खा टॉवर? आपली ब्रँड आयडेंटिटी आहे. ब्रोशर छापून झालंय."

"आयेला दिसला ना?" दादा म्हणाले. "मारा."

दुपारी काम सुरू झालं. कारखान्यातून मोठा कंप्रेसर आणला, टॉवरच्या सगळ्या खिडक्या चिकटपट्टीने झाकल्या, आयेची गच्ची कागदाने झाकली. सावंतांनी राणीने बाटली भरली आणि वरचे मजले घेतले. खाली आल्यावर मात्र घोटाळा झाला. टॉवरच्या पायथ्याशी झाडं, गाड्या, दिव्यांचे खांब, सगळं आधीच चिकटवलेलं. बंदूक खाली नेली की लटकणारी बाटली झाडं पाडत जायची. एक नारळ पडला, एक गुलमोहोर पडला. तिसऱ्या झाडाला सावंत थांबले. मान न वळवता म्हणाले, "बाई, तुमची वाटी आना."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी ते पुन्हा म्हणायला लावलं नाही, इतपत माणुसकी माझ्यात आहे. खालचे मजले मी वाटीने केले, वरचे त्यांनी बाटलीने, आणि मधे कुठेतरी आम्ही भेटलो. भेटलो तिथे फट दिसली. बाटलीच्या तळाशी रंग बसला होता आणि त्यांचा राणी माझ्यापेक्षा किंचित फिका पडला होता. मी म्हटलं बाटली हलवायची असते, ते म्हणाले वाटीतला रंग घट्ट होता. नेहमीसारखं पाच मिनिटं झालं. आर्किटेक्टने जवळ येऊन बघितलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाला, "राहू दे. ग्रेडेशन म्हणून सांगतो." संध्याकाळच्या आत टॉवर उभा होता. त्या पांढऱ्या गॅलरीत तो असा दिसत होता की रस्त्यावरच्या रिक्षा थांबून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. आयेने फीत कापली, पुढे आली आणि टेबलापासून चांगली चार हातांवर थांबली. या वेळी हात पुढे केला नाही. मान वर केली, खाली केली.

"उंच हाय," ती म्हणाली. "मदू, लय उंच बांदतोयस."

दादांनी माझ्याकडे बघून हात जोडले. इथेच ही गोष्ट संपली असती. पण आयेच्या मागे हिराबाई उभ्या होत्या.

हिराबाई आयेच्या शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन त्या गावात आल्या आणि तेव्हापासून एकमेकींचं बरं बघवत नसताना एकमेकींशिवाय चैन पडत नव्हतं. हिराबाईंनी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि तेव्हापासून त्या लांबचं सगळं मोठ्याने वाचून दाखवत, बसच्या पाट्यासुद्धा. त्या वाकल्या आणि पहिल्या मजल्याच्या गच्चीत डोकावल्या.

"अगो चांगुने, तुना बसवलीय हितं. खुर्चीवर. समोर बोंबील वालतान. एकेक बोंबील दिसतंय."

आयेने तिकडे तोंड केलं. "ठावं हाय मना. दिसतंय."

"हिरवा लुगरा हाय," हिराबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "पन पदर सुटलाय तुजा. सगल्या लोकात."

आयेचा हात आपोआप डोक्यावर गेला. "खोटं."

"बग ना मग."

आये पुढे आली, टेबलावर वाकली, पार नाक लागेपर्यंत. गच्चीचा गुलाबी कठडा तिला दिसत असावा. आत काय आहे ते दिसत नव्हतं. पदर मी स्वतः रंगवला होता, तो पक्का डोक्यावर होता, आणि मी तसं सांगायला तोंड उघडणार तोच दादांनी माझा हात दाबला. आये सरळ झाली. पूर्ण कार्यक्रमभर तिचा हात डोक्यावरच्या पदरावर होता. हिराबाईंनी दोनदा पेढे खाल्ले.

पुढच्याच आठवड्यात दादांचा फोन. कंप्रेसर बंद करून घेतला. "मॅडम, आयेचा आपरेशन ठरला. मी काय नाय बोललो. सकाली उठून तीच म्हनाली, दवाखान्यात ने."

खरं सांगते, मी आनंदाच्या भरात सावंतांना त्या दिवसापुरती बाटलीचा जयजयकार करायला परवानगी दिली.

आता ही कामं कमी झाली. पडद्यावर इमारत फिरवून दाखवतात, चष्मा लावला की गिऱ्हाईक घरात शिरून येतं. छोट्या मॉडेलचे भाग यंत्रातून छापून निघतात, रंगासकट. वाईट वाटतं, नाही असं नाही. पडद्यावरच्या इमारतीवर कोणी नाक टेकवत नाही. पण रडगाणं गायला मी बसलेली नाही, राहिलेलं सांगते.

आयेच्या दोन्ही डोळ्यांचं झाल्यावर दादांनी आम्हाला उलव्याला बोलावलं. कोणा पाहुण्याच्या पोराने टॉवरशेजारचं झाड उपटलं होतं, ते लावायचं होतं. आम्ही काम करत असतानाच आये आली, काळा चष्मा लावून, कोणाचा हात न धरता. सरळ टेबलाशी आली. चष्मा काढला. आधी वाकून गच्चीत बघितलं.

"पदर हाय डोक्यावर," ती म्हणाली. "खोटारडी हाय हिरा. जल्मापासून खोटारडी." मग आणखी जवळून बघितलं. "बोंबील बेस हायत. पन मी येवरी काली कवा व्हती?"

मग ती मागे सरकली आणि टॉवर वरपासून खालपर्यंत बघितला. तोंड वाकडं केलं.

"ह्यो भरक रंग कोनी दिला? डोलं फुटलं व्हतं काय त्याचं?"

सावंत एकदम झाडामागे वाकले, झाड बोटाएवढं असून. मी छताकडे बघितलं. दादा हसायला लागले, पोट धरून, भिंतीला टेकून. "तूच, आये," ते म्हणाले. "तूच निवरलास."

त्यांचं हसणं ऐकून आये वळली. टॉवर बघायच्या नादात तिने आत्तापर्यंत मुलाकडे नीट बघितलं नसावं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग जवळ गेली, आणि तिचा हात पोचावा म्हणून दादा खाली वाकले. तिने त्यांच्या कानाजवळचे पांढरे केस दोन बोटांत धरले आणि चोळले, मग आपली बोटं उजेडात धरून बघितली.

"ह्यो काय लागलाय तुना? यांचा रंग?"

"नाय, आये," दादा म्हणाले.

तिने पुन्हा चोळलं, जरा जोरात. "निगत नाय."

"निगनार नाय," दादा म्हणाले. "पक्का हाय."